वाळक्या डब्यांचं वाण

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीचा वॉचमन वर आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, सेक्रेटरीसाहेब म्हणाले, गॅलरीतल्या वाळक्या कुंड्या काढून टाका. खालून बरं दिसत नाही." मी त्याला आत बोलावलं, चहा दिला, त्याच्या मुलीची परीक्षा कशी झाली ते विचारलं आणि मग सांगितलं, "साहेबांना म्हणावं, नाही काढणार." तो कपबशी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "असंच सांगू?" म्हटलं, असंच सांग. मार्गशीर्ष लागला की दरवर्षी हे होतं. माझ्या गॅलरीतली हळद पिवळी पडते, मग तपकिरी होते, पानं आडवी होऊन कुंडीच्या काठावरून लोंबतात आणि एक दिवस हात लावला की सुटून हातात येतात. भुईचाफा तर असा नाहीसा होतो, की नवख्या माणसाला वाटावं इथं कधी काही नव्हतंच. समोरच्या इमारतीतल्या बाई मला सांगतात, प्लॅस्टिकची झाडं आणा, बारा महिने हिरवी राहतात. त्यांनाही मी नाहीच म्हणते. आता नाही म्हणायला मला काही वाटत नाही. पण एक काळ असा होता, की हा शब्द माझ्या तोंडात बसत नव्हता. तो बसला हिंजवडीत, एका गच्चीवर, ऐन थंडीत.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठचं. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि एकट्या पोरीला नावेतून पाठवायचं नाही असं घरात ठरलं. मला कुणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. वर्षभर मी रोवण्याला गेले, धान कापायला गेले, मग माझी पिंपरीची मावशी आली आणि म्हणाली, पुण्याला चल, पोरींच्या होस्टेलवर स्वयंपाकाला बाई पाहिजे. आई म्हणाली, "जाय व. खायले भेटन, पंख्याखाली झोपशीन." मी गाडीत बसले ती पुण्यापर्यंत खिडकीचा गज धरून बसले. हात सोडला तर कुणी उतरवून देईल अशी भीती होती. ती भीती पुढे कित्येक वर्षं माझ्यासोबत राहिली. मला कुणी ताट वाढलं की आधी वाटायचं, हे चुकून माझ्यापुढे आलंय.

ते होस्टेल म्हणजे दादांचं घर. हिंजवडी तेव्हा निम्मं गाव होतं आणि निम्मं काचेचं. दादांच्या घरची भातशेती कंपन्यांच्या जागेत गेली होती आणि आलेल्या पैशातून त्यांनी हे मजल्यावर मजले चढवलेलं घर बांधलं होतं. तळमजल्यावर ते, त्यांची बायको आणि आई. वर सगळ्या खोल्यांतून कॉम्प्युटरवाल्या पोरी. नागपूरच्या, जबलपूरच्या, कोल्हापूरच्या, कुठल्या कुठल्या. पहाटे पहिला आवाज व्हायचा बोअरच्या मोटरचा, मग माझ्या कुकरचा, मग वरच्या मजल्यांवर एकामागून एक गजर वाजायला लागायचे आणि कुणीच ते बंद करायचं नाही. साडेसातला कंपनीची बस मागे घेताना गाणं वाजवायची. त्या गाण्यावर पोरी ओले केस घेऊन जिन्यावरून धावत सुटायच्या आणि माझ्या हातातला डबा हिसकावून "थँक्यू दीदी" म्हणत पळायच्या. कुणी मला थँक्यू म्हणावं याचीही मला धास्ती वाटायची. मी म्हणायची, "हो जी." आमच्याकडे सगळ्याला जी लागतं. काम सांगितलं, हो जी. रागावलं, हो जी. ताप असताना भांडी घासशील का विचारलं, तरी हो जी.

दादा रागीट नव्हते. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनीच मला मोटारसायकलवर मागे बसवून, मध्ये उशी ठेवून, डॉक्टरकडे नेलं होतं. मावशीसुद्धा आली नाही, ते आले. हे मी विसरलेले नाही आणि पुढे जे लिहितेय ते हे लक्षात ठेवूनच लिहितेय. वहिनी पुण्याच्या, कसबा पेठेतल्या. त्या आवाज चढवत नसत, त्यांना गरजच नव्हती. मी पहिल्या दिवशी चहा केला तेव्हा एक घोट घेऊन म्हणाल्या, "साखर छान आहे. आता यात थोडा चहा घालता येतो का बघ." मला आठवडाभर कळेना, त्या रागावल्या की हसल्या. पण पोळ्या कशा लाटायच्या ते त्यांनीच माझा हात धरून शिकवलं. आमच्याकडे दोन्ही वेळा भात, माझ्या पोळ्या म्हणजे नकाशे व्हायचे.

आणि आक्का. दादांच्या आई. घरात सगळे त्यांना आक्काच म्हणत, म्हणून मीही. नऊवारी, मोकळं कपाळ, हाताची बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वेडीवाकडी झालेली. त्या फारसं बोलत नसत, पण पहिल्याच आठवड्यात मी तांदूळ धुऊन पाणी मोरीत ओतलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, "ए पोरी! सांडतीस काय? वर घिऊन ये." मी पातेलं घेऊन गच्चीवर गेले आणि बघतच राहिले. अख्खी गच्ची रंगाच्या रिकाम्या डब्यांनी भरली होती. घर बांधताना उरलेले ते मोठे पांढरे डबे, तळाला भोकं पाडलेले, आणि प्रत्येकात हिरवं. हळदीची पानं माझ्या खांद्याला लागत होती. सुरणाची छत्री होती. करांद्याच्या कंदाचा वेल टीव्हीच्या अँटेनावर चढला होता. मध्ये भुईचाफा, पानांच्या पाठी जांभळ्या. आक्का म्हणाल्या, "आधी ओढ्याकडच्याला घाल. मग माळाच्याला." मला वाटलं, ही झाडांची नावं आहेत. नंतर कळलं, ती शेतांची होती. जमिनींचे पैसे आले, घरही झालं, पण शेतांत मशिनी अजून यायच्या होत्या; त्या यायच्या आधी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, आक्का एकेका शेतात जाऊन तिथली माती आणि बांधावरचं जे हाताला येईल ते उपटून घेऊन आल्या होत्या. ओढ्याकडचं, माळाचं, चिंचेखालचं, देवाचं. प्रत्येकाचे डबे वेगळे, आणि एकाची माती त्या दुसऱ्यात मिसळू देत नसत. "न्हाई तर बांधावरनं भांडनं व्हत्याल," म्हणायच्या, आणि हसायच्यासुद्धा नाहीत.

खडकवासला धरणाचं पाणी शहरात जायचं, आमच्याकडे टँकर यायचा. म्हणून गच्चीला मिळायचं ते तांदळाचं पाणी, डाळीचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी. सकाळच्या बस गेल्या की मी पातेली वर न्यायची आणि आक्का वाटून द्यायच्या. दुपारी आम्ही दोघी तिथंच पाण्याच्या टाकीच्या सावलीत जेवायचो. भात, तुरीचं वरण आणि त्यांनी घातलेलं लोणचं. त्यांच्याकडेही भातच पिकायचा. त्या ताटावर वाकून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "दुकानाचा हाय." मला त्या भाताला घराचा वास यायचा, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या गच्चीत, हळदीच्या पानांआड, मला पहिल्यांदा असं वाटलं की मला इथून कुणी उतरवणार नाही.

दिवाळी झाली आणि वारा फिरला. हिंजवडीच्या माळावरची थंडी अंगाला झोंबायची. एका सकाळी मी पातेलं घेऊन गेले तर हळदीच्या टोकांना पिवळं लागलेलं. मी घाबरले. मला वाटलं, माझ्याकडून काही राहिलं, पाणी कमी पडलं. मी आक्कांच्या नकळत दुप्पट पाणी घालायला लागले. डबे खालून टपकायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "अगं, झोपलेल्याच्या तोंडात पानी वततीस व्हय?" म्हटलं, मरतायत ना ते. आक्कांनी पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बांधावर असताना माघारी यायची. डब्यात येत्याल का, मला काय ठावं? पयलाच हिवाळा हाय त्यांचा हितं." इतकं खरं बोललेलं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मला धीर द्यायचा म्हणून काहीबाही सांगितलं असतं तर मी ते ऐकलं असतं आणि विसरले असते.

महिन्याभरात गच्ची ओस पडली. करांद्याचा वेल काळा होऊन अँटेनाला दोरीसारखा लटकत होता, सुरणाची छत्री मोडून पडली, भुईचाफ्याच्या जागी नुसती माती. हिरव्या राहिल्या होत्या त्या वहिनींच्या क्रोटनच्या कुंड्या आणि तुळस. गुलाब होते, पण त्यांची छाटणी झालेली, नुसते खुंट. नेमक्या त्याच दिवसांत दादांनी ठरवलं की गच्चीवर आणखी खोल्या काढायच्या. कंपन्यांत भरती जोरात होती, रोज कुणाचा ना कुणाचा बाप बॅगा घेऊन दारात उभा राहायचा आणि दादांना नाही म्हणावं लागायचं. कामाला माणसं तयार होती, पण पौष होता. पौषात वीट लावायची नाही, म्हणून काम माघावर गेलं. जेवताना दादा म्हणाले, "आई, हिरव्या कुंड्या खाली गेटपाशी लावू, शोभा येईल. वाळलेलं मात्र मातीसकट डंपरमध्ये जाईल. चालेल ना?" आक्कांनी ताटातला भात कालवला. "घर तुझं हाय," म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, "माझे गुलाब पण वाळलेलेच दिसतात." दादा म्हणाले, "ते छाटलेत गं. ते वेगळं." मी वाढत होते. मला वाटलं आक्का काहीतरी बोलतील, पण त्या उठून हात धुवायला गेल्या आणि हात धुवून तशाच नळापाशी उभ्या राहिल्या.

पौष सरला, माघ लागला, रथसप्तमी अजून व्हायची होती. वहिनींनी हळदीकुंकू ठरवलं, शेजारी नवी सोसायटी झाली होती तिथल्या बायका, गावातल्या भावकीतल्या बायका आणि होस्टेलच्या सगळ्या पोरी. दुसऱ्या दिवशी गच्चीचं काम सुरू. त्या सकाळी मी तिळाच्या वड्या थापत होते तेव्हा दादा दारात आले. "प्रमिला, दुपारपर्यंत वरचे वाळके डबे खाली आणून कंपाउंडपाशी ठेव. डंपर उद्या लवकर येतोय." माझ्या तोंडात हो जी तयारच होतं. जीभ टाळूला लागलीसुद्धा. आणि डोळ्यांपुढे त्या दिवशीच्या, नळापाशी उभ्या राहिलेल्या आक्का आल्या. मी म्हटलं, "नाही जी."

दादांना ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"मी नाही उचलत ते. ते मेले नाहीत."

"तुला काय माहीत मेले की नाही?"

"मला नाही माहीत. तुम्हालाही नाही माहीत."

हे मी बोलले. हाताला तीळ आणि गुळाचा पाक लागलेला. दादा चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा परका झाला, आणि ते जास्त भीतीदायक होतं. म्हणाले, "इथं कामाला आहेस तू. जमत नसेल तर सांग, परवाच्या गाडीचं तिकीट काढतो." आणि गेले. ते तिकीट म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. गावात बाबांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या बिजवराचं, आणि फोनवर आई दर वेळी हळूच सांगायची, "तू तिकडंच राय बाप्पा, कामावर आहे म्हणून सांगतो आम्ही." मी परत गेले असते तर आईला सांगायला काही उरलं नसतं.

मी वर गेले. आक्का टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. खालचं बोलणं जिन्यातून वर येतं, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "रडती कशापायी? बोललीस ते बोललीस." मग खुरपं घेतलं आणि ओढ्याकडच्या डब्यात घातलं. "तू परक्याची पोर आसून न्हाई म्हनलीस, आता मला गप बसता येतंय व्हय?" मातीतून भुईचाफ्याचा गड्डा निघाला. चिमूटभर, सुरकुतलेला, मुळांना पांढरे मणी लोंबणारा. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला. घट्ट होता. करांद्याचा दाबला तर तो पचकन फुटला, आत काळं पाणी. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि पुढचा डबा ओढला. दुपारभर आम्ही उकरत होतो. कुजकं बाजूला, घट्ट ते सुपात, प्रत्येकासोबत त्याच्या शेताची माती ओंजळभर. मी विचारलं, आक्का, हे ठेवायचं कुठं? खाली तर टाकतील. त्या म्हणाल्या, "ठिवायचं कशाला? आज घरात हळदीकुकू हाय."

मला तेव्हाही कळलं नाही. आमच्याकडे संक्रांतीला वाण देतात, पण आक्का देतील हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दरवर्षी आतल्या खोलीत बसायच्या, असं मी ऐकलं होतं. कुणी बसा म्हणायचं नाही, त्या आपणच बसायच्या.

संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये सतरंज्या पसरल्या होत्या. अत्तर, गुलाबपाणी, बोरं, हरभरे, उसाचे करवे. सोसायटीतल्या बायका एकीकडे, भावकीतल्या एकीकडे, आणि पोरी जीन्सवरच ओढण्या घेऊन मध्ये बसलेल्या, फोटो काढत. वहिनींनी वाणाला झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणले होते, लाल, निळे, पिवळे. त्या कुंकू लावत होत्या, मी मागून एकेक डबा पुढे करत होते. दादा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. एवढ्यात आतल्या दारातून आक्का आल्या. डोक्यावरून पदर, दोन्ही हातांवर सूप. सुपात ते सगळे गड्डे आणि माती. त्या मधोमध आल्या आणि म्हणाल्या, "कुकू तिनं लावलं. ह्ये माझं वाण."

भावकीतल्या धोंडाकाकू, आक्कांच्या चुलतजाऊ, पटकन उठल्या. "आक्का, अवं तुमी मागं बसा. तुमाला असं करता येत न्हाई."

आक्का म्हणाल्या, "का? माझा नवरा गेला. माझी माती न्हाई गेली अजून. ती उद्याच्याला जानार हाय."

एका बाईनं हातातली बोरं खाली ठेवली. दादा दारात उभे राहिले होते, आणि ते माझ्याकडे बघत होते, आक्कांकडे नाही. मला ते तिकीट दिसत होतं. बिजवर दिसत होता. मी हातातला निळा डबा उघडला, पुढे गेले आणि आक्कांपुढे धरला. कुंकू मला वहिनींनी सकाळीच लावलं होतं. आक्कांनी एक गड्डा उचलला, त्यावर ओंजळभर माती घातली. "ओढ्याकडचं हाय," म्हणाल्या. मी वाकून पाया पडले.

मग जे झालं ते त्या पोरींमुळे झालं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, कुणी कुठं बसायचं, कुणी काय द्यायचं, काही नाही. जबलपूरची रश्मी डबा उघडून उड्या मारत पुढे आली. "आंटीजी, मुझे भी! ये अदरक है?" तिच्यामागे कोल्हापूरची, तिच्यामागे नागपूरची. रांग लागली. सोसायटीतल्या बायका एकमेकींकडे बघून उठल्या, कारण सगळे घेतायत तर आपण का मागे राहायचं. सूप रिकामं होत आलं तेव्हा दादा आत आले. "आई, हे काय चाललंय?"

वहिनींनी कुंकवाचा करंडा खाली ठेवला. "हळदीकुंकू चाललंय," त्या म्हणाल्या. "पुरुषांनी बाहेर थांबायची पद्धत आहे. आपल्याला माहीत नसेल तर आत्ता सांगते." दोनतीन बायका फिसकन हसल्या. वहिनी आपला डबा घेऊन सासूपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे अजिबात नव्हता, पाहुण्यांदेखत तमाशा नको एवढंच होतं. "द्या," म्हणाल्या. "आता घेतलेलं वाण टाकता पण येणार नाही. बरं सुचलं तुम्हाला." शेवटी धोंडाकाकूसुद्धा आल्या. त्यांनी सुरणाचा गड्डा मागून घेतला, मोठा होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी डंपर आला आणि उकरलेले डबे उरलेल्या मातीसकट घेऊन गेला. दादा माझ्याशी बोलले नाहीत, पण स्टेशनवर कुणाला तरी पाठवायचं म्हणत होते ते मी ऐकलं. वहिनी पेपर वाचत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "पाठवा ना. उद्यापासून एवढ्या पोरींच्या पोळ्या आपण लाटणार असाल, तर मला आधी सांगा. मी बघायला बसेन." तिकीट निघालं नाही. मी त्या बाईची किती ऋणी आहे हे त्यांना कधी सांगता आलं नाही. एकदा सांगायला गेले तर म्हणाल्या, "माझ्यासाठी केलं मी. तुझ्यासाठी नाही."

आणि मग वाट बघणं सुरू झालं. गच्चीवर विटा चढल्या, सिमेंट कालवायचं मशीन दिवसभर घरघरायचं, तांदळाचं पाणी मी पुन्हा मोरीत ओतायला लागले. पोरींच्या खिडक्यांच्या गजांत लाल-निळे डबे टांगलेले होते आणि त्यांत नुसती माती. एक दिवस नागपूरच्या पोरीनं ओशाळून सांगितलं, "दीदी, माझं मी चहात किसून टाकलं. आलं संपलं होतं." चहा कसा झाला, विचारलं तर म्हणाली, कडू. आक्का हे ऐकून पहिल्यांदा खळखळून हसल्या. धोंडाकाकूंच्या सुरणाची भाजी झाल्याचंही कानावर आलं. मी रोज जिना चढता-उतरता डबे बघायची. माघ गेला. फाल्गुन आला. काही नाही. मला वाटायला लागलं, दादांचंच खरं होतं, आणि मी उगीच त्यांच्याशी वाकडं घेतलं. पण तसं वाटूनही, पुन्हा ती सकाळ आली असती तर मी नाहीच म्हटलं असतं, हेही मला कळत होतं. उगवलं नसतं तरी. हे मी आज ठासून सांगते, कारण लोक ही गोष्ट ऐकतात आणि म्हणतात, बघ, शेवटी उगवलं म्हणून तू बरोबर. नाही. मी आधीच बरोबर होते.

पाडव्याच्या आसपासची सकाळ होती. कुकर लावला होता आणि वरून रश्मीची किंकाळी आली. "प्रमिलादीदी! वो मरा नहीं था!" मी पिठाच्या हातांनी वर धावले. तिच्या खिडकीतल्या निळ्या डब्यात, सुक्या मातीला अगदी चिकटून, पान नाही, देठ नाही, काही नाही, फक्त एक फूल. पांढरं, आत जांभळं, कुणी वरून ठेवून दिल्यासारखं. खोलीभर वास. आक्कांना मी हात धरून जिने चढवत आणलं. त्या वाकून बघत राहिल्या, मग डब्यातली माती चिमटीत घेऊन चुरली. "देवाचं हाय," म्हणाल्या. "देवाचं शेत कायम पयलं."

पुढच्या आठवड्यात गल्लीभर फुलं निघाली. करांदे एकही आले नाहीत, पण उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला तशी हळदीनं कोंब काढले. आक्का रोज संध्याकाळी पदर खोचून निघायच्या. सोसायटीत जाऊन, वॉचमनला बाजूला सारून, लिफ्टनं वर, कुठल्याशा इंजिनिअर बाईच्या दारावर. बाईनं दार उघडलं की म्हणायच्या, "माळाचं शेत बघाया आले." त्या बायका त्यांना खुर्ची द्यायच्या, सरबत द्यायच्या. त्या फक्त झाड बघायच्या आणि परत यायच्या. गेलेल्या शेतांवर त्या अशा पुन्हा जायला लागल्या, एकेका मजल्यावर.

वहिनींनी त्यांचा गड्डा गेटपाशी गुलाबाच्या कुंडीत खोचला होता, टाकता येत नाही म्हणून. तोही फुलला. त्या दिवशी दादा गाडीची किल्ली फिरवत बाहेर निघाले होते. कुंडीपाशी थांबले, गॉगल काढला, वाकले. मी अंगण झाडत होते. वहिनी पायरीवरून म्हणाल्या, "उगवलंय. छाटलेलं नव्हतं, तरी." दादांनी गॉगल खिशात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "याला पाणी घातलंस का?" मी म्हटलं, "हो जी."

दादांना त्यानंतर मी बरेचदा नाही म्हटलं आणि त्यांनी बरेचदा ऐकलं. माझं लग्न पुढे माझ्या पसंतीनं इथंच झालं, तेव्हा माझ्या बाजूनं मांडवात दादाच उभे होते. आक्का त्याआधीच्या हिवाळ्यात गेल्या. मी माझी मेस काढली, पोळ्यांवर घर केलं, या सोसायटीत आले. येताना माझा तो निळा डबा आणला. त्यातलं ओढ्याकडचं आता माझ्या अर्ध्या गॅलरीत आहे. माझा नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पहिल्या संक्रांतीला शेजारणीनं मला प्रेमानंच सुचवलं होतं, तुम्ही यंदा नुसत्या बसा.

वॉचमन काल पुन्हा आला. सेक्रेटरीसाहेब विचारतायत, कुंड्या कधी काढणार. मी त्याला सांगितलं, साहेबांना म्हणावं, त्यांच्या मिसेसना संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला पाठवा, आणि येताना एक रिकामा डबा आणायला सांगा.